जपानी टर्बोचं पथ्य

माधव उदगीरकर भित्रा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हैदराबादच्या गौलीगुड्यात लोक त्याच्याविषयी वाट्टेल ते सांगतात. म्हणे चालत्या इंजिनात हात घालायचा पठ्ठ्या! घालायचा, खोटं नाही. उकळत्या रेडिएटरचं झाकण नुसतं फडकं टाकून उघडायचा. जॅकवर उचललेल्या ट्रकखाली दुपारी उताणा पडून खुशाल घोरायचा. लोखंडाची भीती त्याला कधी शिवलीच नाही. त्याला भीती वाटायची ती शिकलेल्या माणसांची.

आणि वाटू नये तर काय व्हावं? उदगीरकरांच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील सेक्रेटरिएटमध्ये, थोरला भाऊ शाळेत मास्तर, धाकटा बँकेत. मधला हा मॅट्रिकला दोनदा आपटला आणि तिसऱ्यांदा फॉर्म भरायला म्हणून घराबाहेर पडला, तो थेट बसस्टँडमागच्या चांदमियाँ उस्तादांच्या गॅरेजात जाऊन बसला. वडील सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, "घरी पाहुणे असले की मागच्या दारानं येत जा." मागच्या दारानं येता येता माधव पंचेचाळीस वर्षांचा झाला, स्वतःचं गॅरेज झालं, लग्न झालं, पण ते वाक्य काही त्याच्या अंगातून गेलं नाही. लग्नाकार्यात हा नखांतलं काळं लपवायला हात मागं बांधून उभा. दखनीत बोलायला लागला की वाघ. "नक्को साब, गाडी छोड़ के जाओ, शाम कू आओ," असं पोलिसांच्या जीपवाल्यालाही ठणकावून सांगायचा. पण समोरचा शुद्ध मराठीत दोन वाक्यं बोलला की याची जीभ टाळ्याला चिकटली म्हणून समजा.

अशा माणसाला अख्ख्या हैदराबादेत एकच शिकलेला माणूस आपला वाटायचा. जामबागेतले मुकुंदराव कल्याणकर, हायकोर्टातले वकील. पांढरी ॲम्बेसेडर, अठ्ठ्याहत्तर सालची. तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं माधवनंच बसवलेलं. मुकुंदराव त्याला वर दिवाणखान्यात बोलवायचे, घरच्या कपबशीतून चहा द्यायचे, "माधवा, बस रे," म्हणायचे. त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई डब्यातून चिवडा बांधून द्यायच्या. एवढ्यावर माधव त्या घरासाठी जीव टाकायला तयार असायचा. डिझेल महागलं तेव्हा त्यानंच वकीलसाहेबांना युक्ती शिकवली होती. जुनी डिझेल गाडी किल्लीनं बंद होत नसे. डॅशखालचा स्टॉपर ओढला की पंपातलं डिझेल तुटायचं आणि इंजिन थांबायचं. सिग्नलला स्टॉपर ओढा, उतार लागला की न्यूट्रल करून स्टॉपर ओढा, घरापुढे टेकलात की लगेच ओढा. थेंब थेंब वाचतो. मुकुंदरावांनी ही युक्ती धर्मासारखी पाळली. पंधरा वर्षं.

मग ती एक्क्याण्णवनंतरची सालं आली. बँका बोलावून बोलावून कर्ज द्यायला लागल्या, रस्त्यावर दर महिन्याला नवी गाडी दिसायला लागली. मुकुंदरावांचा ज्युनिअर योगेश, काल परवापर्यंत त्यांच्या फायली उचलून धावणारं पोरगं, त्यानंही चकचकीत लाल गाडी घेतली. घेतली तर घेतली! पण बंजारा हिल्सच्या चढावर साहेबांची ॲम्बेसेडर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत असताना हा बाजूनं सुळकन गेला, आणि जाताना खिडकीतून हात हलवला. तो हात मुकुंदरावांच्या मनाला लागला. दुसऱ्या दिवशी गॅरेजात येऊन खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "माधवा, मला नवी गाडी नको. हीच पळव."

माधवनं पळवली. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे जपानी गाड्यांचे सुटे भाग भंगारात यायचे, त्याच्याकडून एक टर्बो मागवला. गोगलगायीसारखं दिसणारं बिडाचं धूड. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर आतलं चाक फिरतं आणि ते चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, म्हणजे तेच जुनं इंजिन दीडपट जोर करतं. हे माधवला कळायला दोन दिवस लागले आणि बसवायला तीन आठवडे. नळ्या स्वतः वाकवल्या, पंप पुन्हा लावला. सगळं काम नीट होतं, त्यात खोट काढायला जागा नाही.

व्यापाऱ्यानं फोनवर एक गोष्ट बजावून सांगितली होती. "चाक मिनिटाला लाख फेरे घेतं भाऊ, आणि ऑइलच्या पातळशा थरावर तरंगतं. गाडी जोरात आली की लगेच बंद करायची नाही. दोन-तीन मिनिटं तशीच मंद चालू ठेवायची. नाही तर ऑइल जागेवर जळतं, सील जातं. सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल प्यायला लागतं." पुढचं सांगायची गरज नव्हती, ते माधवनं डोळ्यांनी पाहिलं होतं. उस्तादांच्या गॅरेजात असताना एक ट्रक असाच सुटला होता. डिझेल तोडलं तरी इंजिन थांबेना, आतलं ऑइल पीत किंचाळत राहिलं आणि शेवटी फुटलं. लोखंडाचा तुकडा बोनेट फाडून बाहेर आला आणि समोर उभ्या असलेल्या क्लीनरच्या मांडीत गेला. तो माणूस रात्र काढू शकला नाही.

म्हणजे माधवला ठाऊक होतं. फेब्रुवारीत गाडी द्यायच्या दिवशी सांगायचं त्यानं पक्कं ठरवलंही होतं. मनातल्या मनात वाक्यं घोकली होती, शुद्ध मराठीत. पण जामबागेत पोचतो तर दारात पंधरा माणसं! पद्मावतीबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. मुकुंदरावांनी सगळ्यांना बंजारा हिल्सवर फिरवून आणलं आणि आल्या आल्या, इंजिन तापून लाल झालेलं असताना, खटकन स्टॉपर ओढला. माधव तोंड उघडणार तेवढ्यात योगेश मध्ये बोलला. "काय मिस्त्री, म्हातारीला जपानी औषध दिलंत म्हणे! पथ्य काय त्याचं? की आता हिला कापसात गुंडाळून ठेवायचं?"

सगळे हसले. मुकुंदरावांनी माधवकडे पाहिलं. त्या नजरेत इतका विश्वास होता की माधवला पळून जावंसं वाटलं. आता यांना स्टॉपर ओढू नका म्हणायचं? जी युक्ती मी शिकवली, तीच आता घात करते म्हणायचं? या योगेशसमोर?

"पथ्य कसलं आलंय?" माधव म्हणाला. "पूर्वीसारखीच चालवा, साहेब."

मुकुंदरावांनी योगेशच्या पाठीवर थाप मारली. झालं. एवढंसं वाक्य, आणि माधवच्या झोपेचं वाटोळं झालं.

त्या फेब्रुवारीपासून नऊ महिने त्यानं कसे काढले ते त्याची बायको सुमनच जाणे. सुलतान बाजारात सामान आणायला गेला की मुद्दाम जामबागेवरून यायचा आणि साहेबांची गाडी कोर्टातून परत येताना लांबून बघायचा. गाडी थांबली, खट, बंद. पुन्हा एक दिवस, खट, बंद. काहीतरी निमित्त काढून दर पंधरा दिवसांनी गाडी गॅरेजात आणायचा आणि फुकट ऑइल बदलायचा. एकदा तर धीर करून म्हणाला, "साहेब, टर्बो काढून ठेवू का जरा? सर्व्हिसिंगला." मुकुंदराव हसले. "माधवा, वाघाचे दात काढतोस होय?" पुढं बोलायची छाती झाली नाही.

सुमन म्हणायची, "अहो, सांगून टाका ना एकदाचं. फार तर रागावतील."

"रागावले तर चालेल गं," माधव म्हणायचा. "पण माझ्याकडे बघतील ना..."

"मग बघू देत! डोळ्यांनी माणूस मरत नाही."

बोलायला काय जातं. तिला ते मागचं दार कुठं ठाऊक होतं?

कार्तिकात मुकुंदरावांनी श्रीशैलमला जायचं काढलं. पद्मावतीबाईंचा अभिषेकाचा नवस होता, आणि मुलाची मुलगी श्रुती, सात वर्षांची, सुट्टीला पुण्याहून आलेली होती. स्वतः चालवत जायचं, ड्रायव्हर नको. सव्वादोनशे किलोमीटर, त्यात नल्लमलाचं जंगल, मन्ननूरचा चढ आणि शेवटी धरणाकडे उतरणारा घाट. हे माधवनं ऐकलं. त्या रात्री तो उठून तीनदा पाणी प्यायला. सकाळी जामबागेत जाऊन दारातच म्हणाला, "साहेब, मी पण येतो. देवदर्शन होईल."

"अरे वा! मल्लिकार्जुनानंच बुद्धी दिली तुला," पद्मावतीबाई म्हणाल्या. यानं ऑइलचा पाच लिटरचा डबा आणि पान्यांची पिशवी डिकीत टाकली.

निघाले ते पहाटे. माधव पुढं, मुकुंदरावांच्या डावीकडे. मागं पद्मावतीबाई आणि श्रुती. शहर सुटलं आणि मुकुंदरावांनी गाडी अशी दामटली की बस. नव्वद, शंभर. टर्बोची बारीक शीळ ऐकू यायला लागली की ते मान हलवून म्हणायचे, "ऐकतोस ना?" ऐकत कसला नव्हता! माधव दुसरं काहीच ऐकत नव्हता. त्या शिळेच्या खाली एक खरखर होती, अगदी बारीक. फेब्रुवारीत ती नव्हती.

कल्वकुर्तीला चहाला थांबले. गाडी थांबली आणि खट, स्टॉपर. माधव उतरून मागं गेला. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं तर बोट काळं आणि ओलं. ऑइल. बोनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. दोन बोटं कमी. हॉटेलात पद्मावतीबाई श्रुतीला इडली भरवत होत्या आणि मुकुंदराव बशीत चहा ओतत होते. आत्ता सांगायचं. आत्ता, या क्षणी. माधव टेबलाशी गेला.

"साहेब..."

"काय रे, काही आहे का?"

"ऑइल थोडं... थोडं पिते गाडी. मी घालतो."

"जुनी आहे, पिणारच," मुकुंदराव म्हणाले. माधवनं ऑइल घातलं, हात पुसले आणि पुढं येऊन बसला. स्वतःला इतक्या शिव्या त्यानं आयुष्यात घातल्या नव्हत्या. अरे गाढवा, सांगायचं होतं की! तोंडाला काय कुलूप लावलंय?

मन्ननूरला जंगल खात्याचं फाटक. तिथं सांगू, त्यानं ठरवलं. तिथं मुकुंदरावांनी खिडकीची काच खाली केली आणि फाटकावरच्या माणसाला मोडक्या तेलुगूत सांगितलं की या जुन्या गाडीत टर्बो आहे आणि, माधवच्या खांद्यावर हात ठेवून, "हे आमचे इंजिनिअर." फाटकावरच्या माणसानं माधवला सलाम केला. आता बोला! इंजिनिअर म्हटल्यावर कुठल्या तोंडानं सांगायचं?

चढ सुरू झाला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढत होती आणि मुकुंदरावांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की लहान मूल वाटावं. माधव आरशात मागं बघत होता. निळसर धूर. वळणावर जरा विरायचा, चढावर पुन्हा यायचा. श्रुती मागच्या काचेला नाक लावून म्हणाली, "आजोबा, आपल्या मागं ढग येतोय!" मुकुंदराव खो खो हसले. चढ संपून उतार लागल्याबरोबर साहेबांनी सवयीनं न्यूट्रल केलं आणि खट. गाडी आवाज न करता उतारावरून घरंगळत निघाली. दोन्ही बाजूंना झाडी, एक माणूस नाही, एक घर नाही. टेलिफोनचा खांबसुद्धा दिसत नव्हता.

दोमलपेंटा मागं पडलं आणि घाट सुरू झाला. उजवीकडे दरी, खाली खोल कुठंतरी कृष्णेचं पाणी. आधी बराच वेळ गाडी बंद इंजिनावर उतरत होती, ब्रेक करपल्याचा वास येत होता. मध्येच एक छोटा चढ आला म्हणून मुकुंदरावांनी स्टॉपर सोडला, गिअर टाकला आणि क्लच सोडून इंजिन चालू केलं.

इंजिन चालू झालं, ते थांबेचना.

आधी माधवला वाटलं साहेबांनी पाय दाबलाय. पण साहेबांचा पाय वर होता. तरी आवाज चढत चालला, चढत चालला, आणि मागं पांढऱ्या-निळ्या धुराची भिंत उभी राहिली. गाडी आपणहून पुढं झेपावली. समोर वळण. मुकुंदरावांनी पंधरा वर्षांच्या सवयीनं तेच केलं जे करायला नको होतं. गिअर काढून न्यूट्रल केलं आणि स्टॉपर ओढला. गिअरमध्ये असती तर ब्रेकनं इंजिन दाबून मारता आलं असतं. आता ते मोकळं सुटलं. असा आवाज की कानात दुखायला लागलं. स्टॉपर पूर्ण बाहेर आलेला, मुकुंदराव तो पुन्हा पुन्हा ओढताहेत, आणि इंजिन किंचाळतंय.

"साहेब, ब्रेक! डोंगराकडे घ्या! डोंगराकडे!"

गाडी डावीकडे खेचली गेली, पुढचं चाक गटारात गेलं, सगळे पुढं आपटले आणि ती थांबली. इंजिन थांबलं नाही. माधव ओरडत होता, "चौथा टाका, क्लच सोडा!" पण मुकुंदरावांचे दोन्ही पाय ब्रेकवर रुतलेले, डोळे समोर, तोंड उघडं. ते ऐकतच नव्हते. माधवला उस्तादांच्या गॅरेजातला तो क्लीनर दिसला, तो मांडी धरून बसलेला माणूस. मागं श्रुती.

तो अर्ध्या उघडलेल्या दारातून बाहेर घसरला. "काकू, पोरीला घ्या आणि पळा! मागं पळा, गाडीपुढं येऊ नका!" बोनेट उचललं आणि गरम हवेचा फटका तोंडावर बसला. सगळं इंजिन थरथरत होतं. पळून जावं, एवढी एकच गोष्ट त्याचं अंग त्याला सांगत होतं. हवा तुटली तरच इंजिन मरणार होतं. त्यानं हवेची नळी हिसडा मारून उपटली, खांद्यावरचं फडकं गोळा करून टर्बोच्या तोंडात कोंबलं. टर्बोनं ते गपकन गिळलं. आवाज क्षणभर घोगरा झाला आणि पुन्हा चढला.

"काहीतरी सपाट द्या! सपाट! लोखंडाचं, पितळेचं, काहीपण!"

पद्मावतीबाई पळाल्या नव्हत्या. श्रुतीला वर वळणाशी उभं करून त्या परत आल्या होत्या. त्यांनी अभिषेकाच्या पिशवीतून तांब्याचं ताम्हण काढलं आणि, बासष्ट वर्षांची ती बाई, त्या किंचाळणाऱ्या बोनेटपाशी येऊन माधवच्या हातात दिलं. माधवनं ते टर्बोच्या तोंडावर थापलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं. ताम्हण चिकटलं. तळवा गरम बिडाला टेकला होता, चरचरला, तरी सोडलं नाही. इंजिन एकदा हिसकलं, दोनदा हिसकलं, सगळी गाडी हादरली, आणि मेलं.

मग इतकी शांतता झाली की श्रुतीचं रडणं वरून स्पष्ट ऐकू आलं.

मुकुंदराव बऱ्याच वेळानं उतरले. चष्मा कुठंतरी पडलेला. वरून येणारी एक जीप थांबली, चार-पाच माणसं जमली, आणि त्यांना मुकुंदराव सांगायला लागले, "इंजिनिअर होते म्हणून वाचलो. माझा माधव होता म्हणून." पद्मावतीबाईंनी पदर फाडून माधवच्या भाजलेल्या हाताला बांधायला घेतला. डोळ्यांतून धारा चाललेल्या. म्हणाल्या, "श्रुती, पाया पड काकांच्या. देवासारखे आले हो आपल्याबरोबर."

श्रुती वाकली. माधवनं पाय मागं घेतले.

"नको," तो म्हणाला. "काकू, नको. माझ्यामुळंच झालं हे."

आणि त्यानं सांगितलं. अडखळत, निम्मं दखनीत, निम्मं मराठीत, पण सगळं. ते दोन मिनिटांचं पथ्य, तो व्यापाऱ्याचा फोन, योगेशचं हसणं. सांगताना तो मुकुंदरावांच्या बुटांकडे बघत होता.

मुकुंदराव कोर्टात बोलतात तसे बोलले, सावकाश. "योगेशनं विचारलं तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हौ साहेब."

"आज सकाळी?"

"आज पण."

"श्रुती गाडीत बसली तेव्हा?"

माधवनं मान हलवली. पद्मावतीबाईंचे हात पदराच्या गाठीवर थांबले होते. मग त्यांनी गाठ पुरी मारली, घट्ट, आणि म्हणाल्या, "अरे, मला तरी सांगायचंस. मी काय तुला खाल्लं असतं?" एवढं बोलून त्या श्रुतीला घेऊन रस्त्यापलीकडच्या दगडावर जाऊन बसल्या. परत त्यांनी इकडं पाहिलं नाही.

माधवनं काम काढलं. दुसरं काय करणार होता? एका हातानं, दातांनी पिशवीची दोरी सोडत, टर्बोला जाणारी ऑइलची नळी ठोकून बंद केली. टर्बोचा पाइप काढला आणि इंजिनाला पूर्वीसारखी थेट हवा दिली. आत राहिलेलं ऑइल पुसून काढलं, डब्यातलं नवं भरलं. जीपवाल्यांनी गाडी गटारातून उचलून दिली आणि ते गेले. तासभर लागला. प्रत्येक जोड त्यानं दोनदा तपासला, मग तिसऱ्यांदा तपासला. आता हवेबरोबर इंजिनात शिरायला ऑइलला वाटच नव्हती. म्हातारी पुन्हा पूर्वीची म्हातारी झाली होती, दुसऱ्या गिअरमध्ये कण्हणारी.

तो रस्त्यापलीकडे गेला. "साहेब, झालं. टर्बो तोडून टाकला. हळू चालेल, पण धोका नाही राहिला. बसा, चला."

कोणी उठलं नाही. श्रुती उठली होती, तिला पद्मावतीबाईंनी दंडाला धरून खाली बसवलं.

"खरं सांगतो, काकू. आता खरंच काही नाही."

पद्मावतीबाई रस्त्याच्या वळणाकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं तिथून हैदराबादहून श्रीशैलमला जाणारी लाल बस उतरली. मुकुंदरावांनी हात केला. बस थांबली, सामान चढलं, श्रुती चढली. मुकुंदराव पायरीवर पाय ठेवून वळले आणि त्यांनी गाडीची किल्ली पुढं केली.

"गाडी गॅरेजवर नेऊन लावा, मिस्त्री," ते म्हणाले.

अठरा वर्षांत त्यांनी माधवला कधी 'मिस्त्री' म्हटलं नव्हतं, आणि 'लावा' तर कधीच नाही. योगेश म्हणायचा तसं.

बस गेली. माधव गाडीत मुकुंदरावांच्या जागेवर बसला. काम नीट झालं होतं, त्याच्या हातचं काम, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. नळी बंद होती, हवा मोकळी होती, घाटातून परत वर चढून जायचं होतं एवढंच. त्यानं किल्ली लावली.

"आता काही नाही," तो मोठ्यानं म्हणाला.

ऐकायला गाडीत तो एकटाच होता, आणि त्याला ते खरं वाटेना. भाजलेला हात किल्लीवर होता. ऊन डोक्यावर आलं तरी किल्ली फिरवायची त्याची छाती झाली नाही.